निकाल झाकून ठेवा, मग वाद घाला : बास्केटबॉलच्या एका सौद्यावरचा वर्गपाठ



वादविवाद म्हटलं की आपल्या शाळांत विषय ठरलेले असतात. मोबाइल शाप की वरदान, शहर बरे की खेडे, परीक्षा असाव्यात की नसाव्यात. मुलं घरून भाषण पाठ करून येतात, हातवारे करतात, टाळ्या घेतात आणि खाली बसतात. समोरच्याचं ऐकून एखाद्याने आपलं मत बदललं, असं क्वचितच घडतं. याचं कारण सोपं आहे. त्या विषयात कोणाला काही ठरवायचंच नसतं.

म्हणून आजच्या पाठासाठी एक खराखुरा निर्णय घेतला आहे. तो कोणीतरी खरोखर घेतला, त्यात पैसा होता, माणसं होती, धोका होता आणि ठरवायला वेळ थोडा होता. निर्णय असा : बास्केटबॉलच्या एका चांगल्या संघाने आपला सगळ्यात लाडका खेळाडू देऊन दुसऱ्या संघाचा अष्टपैलू विंग खेळाडू घ्यावा का?

तुम्हाला बास्केटबॉल येत नसेल तरी काळजी नको. लागेल तेवढी माहिती खाली दिली आहे. फक्त एक पथ्य पाळा. पुढे काय झालं हे मुलांना आधी सांगू नका. या पाठाचा सगळा जीव त्यात आहे.

पाठाची रूपरेषा

इयत्ता : आठवी ते दहावी
वेळ : दोन तासिका
साहित्य : फळा, प्रत्येक मुलासाठी एक कोरा कागद, एक बंद पाकीट

उद्दिष्टे :
१. बाजू मांडताना मत आणि पुरावा वेगळा करता येणे.
२. समोरच्याचा मुद्दा प्रामाणिकपणे पुन्हा सांगता येणे.
३. निर्णय आणि त्याचा निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजणे.
४. संकेतार्थी वाक्यांचा अर्थपूर्ण वापर करता येणे.

आधी चार शब्द समजून घेऊ

*विंग.* बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका संघाचे पाच जण असतात. ढोबळ मानाने सांगायचं तर चेंडू पुढे नेणारे आणि खेळ रचणारे गार्ड, बास्केटजवळ उभे राहणारे उंच खेळाडू, आणि या दोघांच्या मधले, बाजूबाजूने खेळणारे विंग. विंग खेळाडू साधारणपणे उंचही असतो आणि चपळही.

*अष्टपैलू.* हा शब्द मुलांना क्रिकेटमुळे माहीत असतो. फलंदाजीही करतो, गोलंदाजीही करतो तो अष्टपैलू. बास्केटबॉलमध्ये मात्र सगळ्यांनाच गुण मिळवायचे असतात आणि सगळ्यांनाच बचाव करायचा असतो. इथे अष्टपैलू म्हणजे वेगवेगळ्या बांध्याच्या प्रतिस्पर्ध्यांना अडवू शकणारा. समजा, तुमचा बुटका गार्ड त्यांच्या गार्डला अडवतोय. त्यांचा एक धिप्पाड खेळाडू मुद्दाम मध्ये येऊन भिंतीसारखा उभा राहतो. याला स्क्रीन म्हणतात. आता तुमच्या दोन बचावपटूंना आपापली माणसं बदलून घ्यावी लागतात. बदलल्यावर बुटक्याच्या वाट्याला धिप्पाड आला की पंचाईत! पण तिथे दोघांनाही अडवू शकणारा विंग असेल, तर अशी जागा सापडतच नाही. म्हणून असे खेळाडू फार महाग असतात.

फळ्यावर पाच गोल काढून हे दाखवा. दोन मुलांना वर्गापुढे उभं केलं आणि तिसऱ्याला भिंत केलं तर अजून लवकर कळतं.

*ट्रेड, म्हणजे सौदा.* एक संघ आपले खेळाडू दुसऱ्याला देतो आणि त्यांचे घेतो. हार्दिक पंड्या २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला, तो ट्रेडनेच. हे उदाहरण मुलं स्वतःहून काढतील. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळाडूचा करार त्याच्यासकट दुसऱ्या संघाकडे जातो आणि बहुतेक वेळा त्याची परवानगी लागत नाही. दोन्ही बाजूंचे पगार साधारण जुळवावे लागतात, त्यामुळे महागडा खेळाडू हवा असेल तर महागडाच द्यावा लागतो.

*पहिल्या फेरीतली निवड.* दर वर्षी नव्या खेळाडूंना संघ पाळीपाळीने निवडतात. तिथे बोली लागत नाही. पहिल्या फेरीतली पाळी मौल्यवान असते. ही पाळीसुद्धा सौद्यात देता येते. म्हणजे जो मुलगा अजून कॉलेजात किंवा शाळेत आहे, त्याला निवडायचा हक्कच विकला जातो!

प्रसंग : टोरंटो, जुलै २०१८

हा भाग वर्गात सावकाश वाचून दाखवा. आकडे फळ्यावर लिहा.

टोरंटो रॅप्टर्स हा कॅनडातला संघ. एनबीएत १९९५ पासून आहे, पण जेतेपद एकदाही नाही. २०१४ पासून सलग पाच वर्षं तो बाद फेरीत पोहोचतोय. नुकत्याच संपलेल्या मोसमात त्याने ८२ पैकी ५९ सामने जिंकले. संघाच्या इतिहासातला हा विक्रम. पूर्व विभागात पहिला क्रमांक.

आणि मग काय झालं? बाद फेरीत लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सने त्यांना ४–० ने धुतलं. त्याच्या आदल्या वर्षीही क्लीव्हलँडनेच ४–० ने हरवलं होतं. त्याच्याही आदल्या वर्षी ४–२ ने. तीन वर्षं, तोच संघ, तीच गत. मे महिन्यात रॅप्टर्सने प्रशिक्षक ड्वेन केसी यांना काढून टाकलं. गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात केसी यांना त्या मोसमातील सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळाला.

संघाचा चेहरा आहे डेमार डेरोझन. २००९ मध्ये टोरंटोनेच त्याला निवडलं. नऊ मोसम तो इथेच खेळला. संघासाठी आजवर सर्वाधिक गुण त्याचेच. गेल्या मोसमात सामन्यामागे सरासरी २३ गुण. त्याला इतरत्र जाता आलं असतं, पण २०१६ मध्ये त्याने टोरंटोशीच पाच वर्षांचा सुमारे १३.९ कोटी डॉलरचा करार केला. २०१८ च्या सुरुवातीला त्याने आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे सांगितलं आणि खेळाच्या जगात या विषयावर बोलायला अनेकांना धीर आला. शहराचं त्याच्यावर प्रेम आहे. त्याची कमजोर बाजू अशी की लांबून, तीन गुणांच्या रेषेबाहेरून, तो फारसा भरवशाचा नाही आणि बचावातही तो आघाडीचा खेळाडू मानला जात नाही.

दुसरीकडे सॅन अँटोनियो स्पर्स संघात आहे कवाय लेनर्ड. हाच तो अष्टपैलू विंग. २०१४ च्या अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू. २०१५ आणि २०१६, सलग दोन वर्षं लीगमधला सर्वोत्तम बचावपटू. २०१६–१७ मध्ये सामन्यामागे २५.५ गुण. म्हणजे दोन्ही टोकांना अव्वल.

पण! गेल्या पूर्ण मोसमात मांडीच्या दुखापतीमुळे तो फक्त ९ सामने खेळला. त्याचं आणि संघाचं बिनसलंय. त्याच्या कराराचं एकच वर्ष नक्की उरलंय, त्यानंतर तो हवं तिकडे जाऊ शकतो. तो दक्षिण कॅलिफोर्नियाचा आहे आणि त्याला लॉस एंजेलिसला जायचंय अशा बातम्या आहेत.

समोर असलेला सौदा असा :

टोरंटो देणार – डेमार डेरोझन, तरुण उंच खेळाडू यॅकब पोल्टल आणि २०१९ ची पहिल्या फेरीतली निवड (ती २१ ते ३० या क्रमांकांत आली तरच).
टोरंटोला मिळणार – कवाय लेनर्ड आणि लांबून चांगला नेम असलेला अनुभवी डॅनी ग्रीन.

शेवटची एक माहिती. याच महिन्यात लेब्रॉन जेम्स क्लीव्हलँड सोडून लॉस एंजेलिस लेकर्सकडे, म्हणजे पश्चिम विभागात, गेला आहे.

आता मुलांना सांगा : रॅप्टर्सचे प्रमुख मसाई उजिरी यांच्या खुर्चीवर तुम्ही बसला आहात. सही करायची की नाही?

वर्गात कसं घ्यावं

वर्गाचे तीन गट करा. पहिला गट 'सौदा करा', दुसरा 'करू नका' आणि तिसरा 'समिती'. समितीचं काम फक्त ऐकण्याचं नाही. प्रश्न विचारायचे आणि शेवटी ठरवायचं.

तयारीला दहा मिनिटं द्या. बोलताना तीन नियम.

पहिला नियम : मुद्द्याबरोबर पुरावा हवा. 'कवाय भारी आहे' हे मत झालं. 'दोन वर्षं सर्वोत्तम बचावपटू होता' हा पुरावा.

दुसरा नियम : उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा, आणि 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं त्याने कबूल केल्यावरच पुढे बोलायचं. हा नियम सुरुवातीला मुलांना फार जड जातो. ती समोरच्याचा मुद्दा मुद्दाम दुबळा करून सांगतात. तिथेच थांबवा. वेळ गेला तरी चालेल.

तिसरा नियम : एका वेळी एकच मुद्दा आणि फार तर एक मिनिट.

मुलं साधारण कोणते मुद्दे काढतील, याची कल्पना तुम्हाला असावी म्हणून दोन्ही बाजू थोडक्यात देतो.

*सौदा करा :*
– तीन वर्षं एकाच भिंतीवर डोकं आपटलंय. तोच संघ घेऊन चौथ्यांदा गेलात तर वेगळं काय होणार?
– चांगला संघ आणि जिंकणारा संघ यात फरक असतो. बाद फेरीत प्रतिस्पर्धी तुमची कमजोरी शोधून तिथेच मारा करतात. दोन्ही बाजूंनी खेळणारा विंग असेल तर ती कमजोरी झाकली जाते.
– धोका फक्त टोरंटोलाच आहे असं नाही. डेरोझनला ठेवलं तरी त्याचा मोठा पगार पुढची वर्षं बांधलेला आहे. कवाय गेला तर निदान नव्याने उभारणी करायला हात मोकळे होतील.
– निवड फारशी वरची नाही. अटच अशी घातलीय की वरचा क्रमांक आला तर ती आपल्याकडेच राहील.

*करू नका :*
– ९ सामने! दुखापत पूर्ण बरी झाली का, हे बाहेरच्याला कसं कळणार?
– एका वर्षासाठी नऊ वर्षांची साथ सोडायची? तो निघून गेला तर हातात काय?
– दुसरे मोठे खेळाडू हे बघत असतात. जो इथे राहायचं म्हणून राहिला, त्यालाच विकलं, तर उद्या कोण विश्वासाने करार करेल?
– खेळाडू म्हणजे वस्तू नव्हे. जो माणूस मनाच्या आजाराबद्दल मोकळेपणाने बोलला, त्याला एका सहीत दुसऱ्या शहरात पाठवायचं का?

लेब्रॉनच्या बातमीकडे खास लक्ष ठेवा. 'सौदा करा' गट म्हणेल, आता पूर्वेचा दरवाजा उघडलाय, म्हणून हीच वेळ. 'करू नका' गट म्हणेल, भिंतच गेली, मग आहे तो संघही पार होईल, सौद्याची गरजच काय? माहिती एकच आणि ती दोन्ही बाजूंना कामी येते. हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. पुरावा स्वतः बोलत नाही, त्याचा अर्थ आपण लावतो, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. चर्चा संपल्यावर प्रत्येक मुलाने, तिन्ही गटांतल्या, आपल्या कागदावर चार गोष्टी लिहायच्या :

१. माझा निर्णय (हो किंवा नाही).
२. मला पटलेलं सर्वात मोठं कारण.
३. माझ्या विरुद्ध जाणारं सर्वात मोठं कारण.
४. मला दहापैकी किती खात्री आहे.

नावं लिहून कागद पाकिटात घाला आणि पाकीट बंद करा. पहिली तासिका इथे संपवा. घरी इंटरनेटवर शोधू नका असं सांगून बघा. काही जण शोधतीलच. शोधू देत. कागद तर बंद झालेत!

दुसरी तासिका : पाकीट उघडण्याआधी

निकाल तीन टप्प्यांत सांगा, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून 'आता काय वाटतं?' एवढंच विचारा.

*पहिला टप्पा.* १८ जुलै २०१८ रोजी सौदा झाला. डेरोझन दुखावला आणि त्याने ते लपवलं नाही. उजिरी यांनी जाहीरपणे त्याची माफी मागितली, पण ती सौद्याबद्दल नव्हती. दोघांच्या बोलण्यात जी गफलत झाली तिच्याबद्दल होती. इथे मुलांना विचारा, निर्णय बरोबर असूनही तो सांगण्याची रीत चुकू शकते का?

*दुसरा टप्पा.* नव्या मोसमात कवायला जपून खेळवलं. ८२ पैकी ६० सामने. संघाने ५८ जिंकले, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा एक कमी! मग बाद फेरी. फिलाडेल्फियाविरुद्ध मालिका ३–३ अशी बरोबरीत. १२ मे २०१९, सातवा सामना, गुण ९०–९०, शेवटचे काही क्षण. कवायने कोपऱ्यातून, समोर उंच बचावपटू असताना, चेंडू फेकला. वेळ संपली तेव्हा चेंडू हवेत होता. तो बास्केटच्या कडीवर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. आणि आत पडला. ९२–९०.

थांबा. इथे विचारा : चौथ्या टप्प्याला चेंडू बाहेरच्या बाजूला पडला असता तर?

*तिसरा टप्पा.* पुढच्या फेरीत मिलवॉकीविरुद्ध रॅप्टर्स ०–२ असे मागे पडले, मग सलग चार सामने जिंकले. मिलवॉकीच्या अवाढव्य यानिस आंतेतोकुंपोला अडवण्याचं काम त्यातल्या महत्त्वाच्या सामन्यांत कवायकडे होतं. अष्टपैलू विंग म्हणजे काय, ते इथे दिसलं. अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्सला ४–२ ने हरवून १३ जून २०१९ रोजी टोरंटोने पहिलं जेतेपद मिळवलं. अमेरिकेबाहेरच्या संघाने जिंकलेलं एनबीएचं हे पहिलंच जेतेपद. कवाय अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मात्र हेही सांगा की त्या मालिकेत वॉरियर्सचे केविन ड्युरंट आणि क्ले थॉम्पसन हे दोन मोठे खेळाडू जखमी झाले होते.

आणि जुलै २०१९ मध्ये? कवाय लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे निघून गेला. 'करू नका' गटाने सांगितलेली भीती तंतोतंत खरी ठरली. दिलेली निवड २९ व्या क्रमांकाची निघाली, आणि तिच्यातून स्पर्सला केल्डन जॉन्सन हा चांगला खेळाडू मिळाला. कवाय गेल्यावरही पुढच्या मोसमात टोरंटो पूर्वेत दुसरा आला.

मग पाकीट उघडा

कागद परत वाटा. 'हो' लिहिणारे लगेच ओरडतील, 'सर, आम्ही बरोबर!' इथेच आपला खरा पाठ सुरू होतो.

त्यांना विचारा : तू कागदावर कारण काय लिहिलं होतंस? समजा, एकाने लिहिलंय, 'कवाय माझा आवडता आहे म्हणून'. दुसऱ्याने 'नाही' लिहिलंय, पण कारणात दुखापत, एकाच वर्षाचा करार आणि खेळाडूंचा विश्वास असे तिन्ही मुद्दे तोललेत. पहिल्याचा निकाल जुळला. विचार कोणाचा चांगला?

वर्ग थोडा वेळ गप्प होतो. होऊ द्या.

मग फळ्यावर चार चौकोन काढा. वर 'निकाल चांगला' आणि 'निकाल वाईट', डावीकडे 'विचार चांगला' आणि 'विचार वाईट'. प्रत्येक चौकोनासाठी मुलांना रोजच्या जगण्यातली उदाहरणं द्यायला सांगा. डाव्या-उजव्या बाजूला न बघता रस्ता ओलांडला आणि काही झालं नाही, हे कुठल्या चौकोनात? नीट अभ्यास केला, पण परीक्षेच्या दिवशी ताप आला, हे कुठल्या? मुलं हे चौकोन भराभर भरतात, कारण असे अनुभव त्यांच्याकडे भरपूर असतात. फक्त त्यांना नाव दिलेलं नसतं.

माझं मत विचाराल तर २०१८ च्या जुलैमध्ये जी माहिती हातात होती तिच्यावर तो सौदा योग्य होता. त्याचं कारण जेतेपद नव्हे. तीन वर्षांच्या पुराव्यावरून आहे त्या संघाची उंची कळली होती, गमावण्याला मर्यादा होती आणि मिळण्याजोगी गोष्ट फार मोठी होती. चेंडू कडीवरून बाहेर पडला असता, तरी मी हेच म्हणेन. पण कोणी मुलगी 'दिलेला शब्द जेतेपदापेक्षा मोठा' असं म्हणून 'नाही' वर ठाम राहिली, तर तिलाही पूर्ण गुण द्या. काय मिळवायचं आणि काय जपायचं, हे आकडे ठरवून देत नाहीत.

एवढ्यावर थांबू नका : दुसरा सौदा

एकच उदाहरण दिलं की मुलं चुकीचा धडा घेतात : 'धोका पत्करला की जेतेपद मिळतं'. म्हणून लगेच दुसरी गोष्ट सांगा. तीही त्याच जुलै २०१९ मधली.

कवायबरोबर खेळायला क्लिपर्सने आणखी एक अष्टपैलू विंग आणला, ओक्लाहोमा सिटी थंडर संघाचा पॉल जॉर्ज. त्यासाठी तरुण गार्ड शे गिल्जस-अलेक्झांडर, अनुभवी डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीतल्या पाच निवडी आणि दोन वर्षी पाळी बदलून घेण्याचे हक्क दिले. त्या दिवशी अनेकांना क्लिपर्स जेतेपदाचे मोठे दावेदार वाटले होते.

क्लिपर्सना जेतेपद मिळालं नाही. २०२४ मध्ये पॉल जॉर्ज फिलाडेल्फियाला गेला. आणि थंडर? शे २०२४–२५ चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. क्लिपर्सकडून आलेल्या एका निवडीतून २०२२ मध्ये त्यांनी जेलन विल्यम्सला घेतलं. जून २०२५ मध्ये थंडर विजेते झाले.

आता गटांना विचारा : हे दोन सौदे दिसायला सारखे आहेत, पण किंमत सारखी आहे का? टोरंटोने जे दिलं त्याला मर्यादा होती. क्लिपर्सने एक उगवता खेळाडू आणि पुढची कितीतरी वर्षं दिली. पण शे एवढा मोठा होईल हे २०१९ मध्ये दिसत होतं का? की आपण पुन्हा निकाल बघूनच बोलतोय? हा प्रश्न अवघड आहे आणि त्याचं एकच उत्तर नाही. वर्गाला त्याच्याशी झुंजू द्या.

भाषेचा अभ्यास

संकेतार्थी वाक्यं शिकवायला याहून चांगली संधी नाही. 'पाऊस पडला असता तर पीक आले असते' हे वाक्य मुलं पाठ करतात. इथे त्यांना ते वाक्य खरोखर वापरावं लागतं :

– चेंडू बाहेर पडला असता, तर लोकांनी उजिरींना दोष दिला असता.
– कवायची दुखापत बळावली असती, तर …
– डेरोझनला आधी विश्वासात घेतले असते, तर …

प्रत्येकाने अशी तीन वाक्यं लिहावीत. त्याचबरोबर 'नक्की, बहुधा, कदाचित, शक्यता कमी' हे शब्द फळ्यावर खात्रीच्या उतरत्या क्रमाने लावा आणि मुलांनी कागदावर लिहिलेल्या दहापैकी आकड्यांशी जोडा. ज्याने दहापैकी सहा लिहिलंय त्याने 'नक्की' हा शब्द वापरलाय का, हे त्यालाच तपासू द्या.

मूल्यमापन (एकूण २० गुण)

– पुराव्यासह मुद्दा मांडणे : ५
– समोरच्याचा मुद्दा प्रामाणिकपणे पुन्हा सांगणे : ५
– स्वतःच्या विरुद्ध जाणारे कारण ओळखणे : ५
– निकाल कळल्यावर मत का बदलले किंवा का बदलले नाही, याचे स्पष्टीकरण : ५

आवाज, हावभाव आणि पाठांतर यांना इथे गुण ठेवलेले नाहीत, ते मुद्दाम. एरवी मागे राहणारी, हळू बोलणारी मुलं या पाठात पुढे येतात. 'निकाल बरोबर ओळखला' यालाही गुण नाहीत. ते दिले तर सगळा पाठ उलटा होईल.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, हा पाठ बास्केटबॉलचा वाटला तरी घरातही रोज लागतो. दहावीनंतर कोणती शाखा, स्पर्धेत उतरायचं की नाही, कुठला क्लास, हे निर्णय आपण मुलांबरोबर घेतो. मग निकाल लागतो आणि आपण म्हणतो, 'बघ, मी सांगत होतो ना!' निकाल चांगला लागला की मागचा विचार कसाही असला तरी पाठ थोपटतो. वाईट लागला की नीट केलेला विचारही मूर्खपणा ठरवतो.

मूल यातून काय शिकतं? विचार करून काही उपयोग नसतो, नशीब लागलं म्हणजे झालं. किंवा याहून वाईट म्हणजे धोका पत्करूच नये, म्हणजे कोणी बोलणार नाही. दोन्ही धडे पुढे महागात पडतात.

यावर एक साधा उपाय आहे. घरात मोठा निर्णय घेताना मुलाला वहीत चार ओळी लिहायला सांगा : काय ठरवलं, का ठरवलं, विरुद्ध काय होतं, किती खात्री होती. तारीख घाला आणि वही ठेवून द्या. सहा महिन्यांनी उघडा. निकाल कसाही असो, आधी ती चार ओळींची नोंद वाचा आणि मग बोला. विचारात खोट असेल तर ती दाखवा, कारण ती सुधारता येते. चेंडू कडीवरून कुठल्या बाजूला पडला, यासाठी मुलाला बोल लावू नका.

गृहपाठ (मुलांसाठी)

१. हार्दिक पंड्याच्या नेतृत्वाखाली गुजरात २०२२ मध्ये विजेते ठरले. २०२४ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबई शेवटच्या क्रमांकावर राहिली. फक्त २०२३ च्या नोव्हेंबरपर्यंतची माहिती वापरून 'मुंबईने त्याला घ्यायला हवे होते का?' यावर दोन्ही बाजूंचे तीन-तीन मुद्दे लिहा.

२. तुम्ही घेतलेला असा एक निर्णय लिहा, ज्यात विचार चांगला होता पण निकाल वाईट लागला. आज तोच निर्णय पुन्हा घ्याल का? का?

३. डेमार डेरोझनच्या जागी तुम्ही असता, तर तुम्हाला ही बातमी कोणी आणि कशी सांगितलेली आवडली असती? आठ ते दहा ओळी लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वर्गात जरूर वाचून घ्या. 'सौदा करा' म्हणून जोरात बोललेली मुलं ती लिहिताना काय लिहितात, ते बघण्यासारखं असतं.